उलटा करून पाहू या कपडा : ओव्हरलॉकशिवाय पक्की शिवण



कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदकाम घेतो, मातीकाम घेतो, ठसेकाम घेतो. शिवणकाम मात्र बटण लावणे आणि धावदोरा इथेच थांबतं. माझ्याही वर्गात तसंच होतं. मागच्या वर्षी एका फ्रॉकने मला पुढे जायला भाग पाडलं. त्यातून काय शिकले आणि माझं काय चुकलं, ते आज सविस्तर लिहिते आहे.

तिसरीच्या वर्गातली एक मुलगी ऑगस्टमध्ये सलग तीन दिवस दप्तर पोटाशी धरून बसत होती. मधल्या सुट्टीत खेळायलाही उठेना. जवळ बसून विचारलं, तेव्हा दप्तर बाजूला केलं. गणवेशाचा फ्रॉक बगलेखाली वीतभर उघडा पडला होता. फ्रॉक आईने घरीच, जुन्या पायाच्या मशीनवर शिवलेला.

दुसऱ्या दिवशी आई शाळेत आल्या. येताच म्हणाल्या, "मॅडम, माझीच शिलाई कच्ची. इंटरलॉक करून आणायचं होतं, पण तालुक्याला जायचं म्हणजे एक रोज बुडतो."

मी फ्रॉक उलटा केला आणि चकित झाले. शिवणीची टीप जागच्या जागी होती, एकही टाका तुटला नव्हता. संपलं होतं ते कापड! कडेचा एकेक धागा निघत निघत टीपेपर्यंत पोचला होता आणि टीपेला धरायला काही उरलंच नव्हतं.

मी म्हटलं, "ताई, तुमची टीप शाबूत आहे. कडेचं कापड सुटलंय. तेवढं थांबवायला मशीन लागत नाही."

त्या दिवशी वर्गातच बसून आम्ही दोघींनी तो फ्रॉक सुई-दोऱ्याने नीट केला. तेव्हापासून हा पाठ डोक्यात होता.

कड सुटते म्हणजे नेमकं काय होतं?

मुलांना हे सांगण्याआधी दाखवावं. घरून जुन्या साडीचा तुकडा आणायला सांगा. साडीचे दोन्ही लांब काठ वर्षानुवर्षं धुतले तरी सुटत नाहीत. पदराच्या टोकाचे धागे मात्र लगेच सुटतात, म्हणूनच आपण तिथे पिको करतो किंवा गोंडे बांधतो. एकाच साडीत हा फरक का?

विणताना उभे धागे म्हणजे ताणा मागावर ताणलेला असतो आणि धोट्यातला आडवा धागा म्हणजे बाणा इकडून तिकडे जातो. काठापाशी पोचला की तो वळून परत येतो. तिथे धाग्याला टोकच नाही, मग सुटणार काय? पदराकडे मात्र ताणा कापलेला असतो. तिथला शेवटचा आडवा धागा अडवायला कोणी नाही. तो घसरला की त्याच्या मागचा मोकळा होतो. पंचाच्या किंवा उपरण्याच्या दशा अशाच दिसतात.

आपण कपडा शिवायला कापड कात्रीने कापतो, तेव्हा चारही बाजूंना पदराचं टोक तयार करतो. म्हणून शिवणीच्या आतली प्रत्येक कड सांभाळावी लागते.

कृती सोपी आहे. साधारण १० सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे घ्या : सुती, टेरिकॉट, सॅटिन आणि बनियनचं होजिअरी कापड. मुलांनी प्रत्येक तुकड्याच्या कडेवर नख १० वेळा घासायचं आणि किती धागे सुटले ते वहीत लिहायचं. सॅटिन सगळ्यात आधी सुटतं, कारण त्यात धाग्यांची गुंफण कमी असते. होजिअरी सुटत नाही, नुसती गुंडाळते. ते कापड साखळीसारख्या फासांनी विणलेलं असतं. आता सुती तुकडाच तिरका म्हणजे उरेब कापा आणि पुन्हा घासा. धागे फार कमी निघतात. तिरक्या कडेला समांतर एकही धागा नसतो, त्यामुळे अख्खा धागा एकदम निसटू शकत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे उरेब पट्टीला उपयोगी पडेल.

ओव्हरलॉक काय करतं?

आपण ज्याला इंटरलॉक म्हणतो, ते मशीन तीन कामं एका वेळी करतं : कडेचं जास्तीचं कापड कापतं, टाका घालतं आणि कडेवरून दोऱ्याचा वेढा देतं. हे मशीन अमेरिकेत १९ व्या शतकाच्या अखेरीस आलं. आयझॅक सिंगर यांना शिलाई मशीनचं पेटंट मात्र १८५१ मध्येच मिळालं होतं. म्हणजे मधली कितीतरी वर्षं लोक सरळ टीपेच्या मशीनवरच शिवत होते, आणि त्याआधी तर नुसत्या हाताने. त्यांचे कपडे काही आठवड्यात उसवत नव्हते. कड सांभाळण्याच्या रीती तेव्हाही होत्या, आपणच त्या विसरलो.

आणखी एक गोष्ट. तयार कपडा उलटा करून बघा. ओव्हरलॉकच्या शिवणीत बहुतेक वेळा जेमतेम ६-७ मिलिमीटर कापड उरलेलं असतं. कपडा स्वच्छ दिसतो, पण मूल वाढलं की तो मोठा करता येत नाही. आपल्याकडे शिवणीच्या आत सोडलेल्या कापडाला 'माया' म्हणतात. शब्द किती नेमका आहे! वाढत्या अंगासाठी आधीच ठेवलेली जागा.

घरी करता येतील अशा सहा रीती

मोजमापं लिहिताना माया १५ मिलिमीटर धरली आहे. वेगळी लागते तिथे तसं सांगितलं आहे. नवं सुती कापड आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. मध्यम जाडीला १४ नंबरची सुई, पातळ कापडाला ११, जाडाला १६. आणि कोणतीही रीत आधी चिंधीवर करून पाहा.

१. नागमोडी कात्री. कडेपासून ५ मिलिमीटर आत एक सरळ टीप घाला आणि मग कड नागमोडी कात्रीने कापा. छोटे छोटे तिरके काप पडल्याने धागे हळू सुटतात. हळू सुटतात, थांबत नाहीत. घट्ट विणीच्या, क्वचित धुवायच्या कपड्याला ठीक. रोजच्या गणवेशाला पुरेसं नाही.

२. हाताने वेढ्याचा टाका. कडेवरून तिरका दोरा वेढत जायचा. सुई कडेपासून ३-४ मिलिमीटर आत टोचायची, पुढचा टाका ४-५ मिलिमीटरवर. दोरा एकेरी आणि हातभरच घ्या, लांब घेतला की गुंता होतो. दोरा ओढू नका. कड गोळा झाली म्हणजे दोरा जास्त ओढला. आधी कडेपासून ३ मिलिमीटरवर एक टीप मारून घेतली तर वेढा अधिक टिकतो. वेळ लागतो, पण मशीन लागत नाही आणि माया शिल्लक राहते. त्या दिवशी वर्गात आम्ही हाच टाका घातला.

३. कड दुमडून टीप. दोन भाग जोडण्याआधी प्रत्येकाची कड ५ मिलिमीटर उलट बाजूला दुमडून त्यावर टीप घाला. मग भाग जोडा आणि माया दोन्हीकडे उघडून इस्त्री करा. दुमडीसाठी कापताना ५ मिलिमीटर जास्त सोडायला विसरू नका. पातळ आणि मध्यम सुती कापडाला उत्तम. जाड कापडाला करू नका, शिवण फुगते.

४. फ्रेंच शिवण. इथे कड शिवणीच्या पोटात बंद होते. दोन्ही कापडांच्या उलट बाजू एकमेकींवर ठेवा, म्हणजे सुलट बाजू बाहेर. सगळ्यांना इथे चुकल्यासारखं वाटतं, पण बरोबर आहे. कडेपासून ६ मिलिमीटरवर टीप घाला. माया ३ मिलिमीटरपर्यंत कापा. इस्त्री करा, कापड उलटवा, म्हणजे सुलट बाजू आत जातील. आता घडीपासून ९ मिलिमीटरवर दुसरी टीप. ६ आणि ९ मिळून १५ झाले. मुलांना विचारा, माया १२ मिलिमीटर असती आणि पहिली टीप ५ वर घातली असती, तर दुसरी कुठे? गणिताचा तासही होतो. ही शिवण पातळ कापडाच्या सरळ बाजूंना छान बसते.

५. चपटी शिवण. शर्टाच्या बाजूंना आणि जीन्सच्या पायाला दिसते ती. सुलट बाजू एकमेकींवर ठेवून १५ मिलिमीटरवर टीप घाला. एका बाजूची माया ५ मिलिमीटर ठेवून बाकी कापा. दुसरी रुंद माया तिच्यावर दुमडून तिची कड आत घ्या, मग सगळं कपड्यावर सपाट पाडून घडीच्या कडेने टीप मारा. दोन टीपा पडतात, म्हणून लेंग्याची बैठक, हाफ पँट अशा ओढ बसणाऱ्या जागी हीच वापरा.

६. उरेब पट्टी. जुन्या मऊ सुती ओढणीची किंवा साडीची ३ सेंटिमीटर रुंद तिरकी पट्टी कापा. पट्टी कडेवर सुलट ठेवून ६ मिलिमीटरवर टीप, मग कडेवरून मागे वळवून, तिचं टोक आत दुमडून हाताने टाके घाला. उरेब कापड वळणाला वळतं, म्हणून मुंढा आणि गळा यांना याहून चांगली रीत नाही. शिवाय अंगाला टोचत नाही.

तुमच्या मशीनवर झिगझॅग असेल तर तेही चालेल. फक्त सुई एकदा कापडात आणि एकदा अगदी कडेच्या बाहेर पडेल असं कापड सरकवा.

एक गोष्ट करू नका. नायलॉनच्या रिबिनीचं टोक मेणबत्तीवर धरतात, तसं शिवणीच्या कडेला करू नका. टेरिकॉटची कड कडक होऊन मुलाच्या अंगाला टोचते आणि सुती कापड तर पेटतंच.

माझी चूक

आता चुकीबद्दल. फ्रॉक दुरुस्त झाल्यावर मला हुरूप आला होता. दिवाळीनंतर त्याच ताईंना दुसरा फ्रॉक शिवायचा होता. मी त्यांना मोठ्या उत्साहाने फ्रेंच शिवण दाखवली. आतून-बाहेरून सारखा, एक दशा दिसेना. त्यांनाही फार आवडला.

या जूनमध्ये मुलगी चौथीत आली. अंगाने भरली होती. ताई फ्रॉक घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, बाजू सोडायला गेले, तर आत कापडच नाही."

बरोबर होतं. माया मीच ३ मिलिमीटरपर्यंत कापायला सांगितली होती. वाढत्या मुलीच्या कपड्याला, जिथे बाजू सोडावी लागणार हे कोणीही सांगेल, तिथे मी माया कापून टाकायला लावली. रीत चांगली होती, जागा चुकली. शेवटी ताईंनी दोन्ही बाजूंना बगलेपासून खालपर्यंत त्याच रंगाची पट्टी जोडली. जवळून बघितलं तर कळते. मुलगी काही म्हणाली नाही, पण मला ती पट्टी रोज प्रार्थनेच्या रांगेत दिसते.

तेव्हापासून माझा नियम एकच आहे : कड कशी सांभाळायची ते कापड कापण्याआधी ठरवायचं. ठरवताना तीन प्रश्न विचारायचे.

पहिला, हा कपडा पुढे मोठा करायचा आहे का? असेल तर बाजूंना २५ मिलिमीटर माया आणि वर दुमडीचे ५, असे ३० मिलिमीटर सोडा आणि दोन्ही कडा वेगवेगळ्या दुमडून टीप घाला किंवा वेढ्याचा टाका घाला. साडीवरचा ब्लाउज उलटा करून बघा. बाजूला दोन-तीन टीपा शेजारी शेजारी असतात. एक उसवली की ब्लाउज थोडा सैल होतो. आपल्या शिंप्यांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे.

दुसरा, या जागी ओढ किती बसते? बैठक, बगल, खिशाचं तोंड यांना दुहेरी टीप हवी.

तिसरा, कापड जाड की पातळ, आणि शिवण सरळ की वळणाची? पातळ आणि सरळ असेल तर फ्रेंच. जाड आणि सरळ असेल तर चपटी. वळण असेल तर उरेब पट्टी.

आणि काही ठिकाणी काहीच करावं लागत नाही. आत पूर्ण अस्तर असेल, कापड होजिअरी असेल किंवा कापडाचा मूळ काठच शिवणीत घेतला असेल, तर तिथे उगाच मेहनत करू नका.

उसवलेला कपडा हाती आला तर

बहुतेक पालकांना हेच लागतं, म्हणून क्रमाने लिहिते.

कपडा उलटा करा. लोंबणाऱ्या दशा ओढू नका, कात्रीने कापा. एक ओढली की शेजारची सैल होते. मग बघा, टीप तुटली आहे की कापड सुटलं आहे? नुसती टीप तुटली असेल तर त्याच रेषेवर, दोन्ही बाजूंना २-३ सेंटिमीटर जास्त घेऊन पुन्हा टीप घाला. हाताने करत असाल तर धावदोरा नको, उलटी टीप घाला. कापड सुटलं असेल तर धड विणीपर्यंत, म्हणजे ५-६ मिलिमीटर आत सरकून नवी टीप घाला आणि जुन्या रेषेला हळूहळू नेऊन मिळवा, एकदम वळवली तर बाहेरून खोबण दिसते. शेवटी दोन्ही कडा मिळून वेढ्याचा टाका. वीतभर उसवलेल्या शिवणीला अर्धा तास पुरतो.

वर्गात हा पाठ असा घेतला

चौथीला दोन तास लागले. साहित्य : घरचा एक जुना कपडा, सुई, दोन रंगांचा दोरा, चिंध्या, पट्टी, गोल टोकाची कात्री.

पहिल्या तासाला फक्त निरीक्षण. अंगावरचा कपडा नाही, घरून आणलेला जुना कपडा उलटा करायचा. हे मी मुद्दाम सांगते, कारण अंगावरच्या कपड्याची तपासणी सुरू झाली की कुणाचा किती जुना, हेच बघितलं जातं. मुलांनी आजोबांच्या सदऱ्यात चपटी शिवण शोधली, आईच्या परकरात दुमडलेली कड, टी-शर्टात ओव्हरलॉक. एका मुलाने विचारलं, "मॅडम, गोधडीच्या आत पण दशा असतात का?" असतात. त्या दोन थरांच्या आत बंद केलेल्या असतात आणि धावदोरा त्यांना हलू देत नाही. त्या मुलाने फ्रेंच शिवणीचं तत्त्व स्वतःच शोधलं होतं.

दुसऱ्या तासाला चिंधीवर वेढ्याचा टाका. कापडावर पेन्सिलने कडेपासून ४ मिलिमीटरवर रेघ आणि रेघेवर दर ५ मिलिमीटरला ठिपका काढून दिला की टाके सारखे पडतात. मुलगे आणि मुली, सगळ्यांनी केलं. सुया मोजून द्या आणि मोजून परत घ्या. मी २० दिल्या, १९ आल्या. विसावी सापडेपर्यंत कोणी उठलं नाही. लोहचुंबक जवळ ठेवा, लगेच सापडते. मशीनवरचं काम मुलांना देऊ नका, ते मोठ्यांनी करून दाखवावं.

मूल्यमापनासाठी चिंधी घरी दिली. दोन वेळा धुऊन आणा, एवढंच सांगितलं. टाक्याची बाजू आणि मोकळी बाजू शेजारी ठेवली की वेगळे गुण द्यावे लागत नाहीत. कोणाचं जमलं आणि का, हे मुलंच सांगतात.

जाता जाता

पालकहो, घरी शिवलेला कपडा म्हणजे कमी प्रतीचा कपडा नाही. तो उसवला तर 'आपल्याला येत नाही' असं लगेच म्हणू नका. आधी उलटा करून बघा, टीप गेली की कड गेली. बहुतेक वेळा कडेवर अर्धा तास कमी पडलेला असतो, एवढंच.

आणि शिक्षक मित्रांनो, वर्गात एखादं मूल दप्तर पोटाशी धरून बसलेलं दिसलं, तर 'नीट बस' म्हणण्याआधी जवळ जाऊन हळूच विचारा. टेबलाच्या खणात एक सुई आणि गणवेशाच्या रंगाचा दोरा असू द्या. माझ्या खणात आता असतो.

तुमच्याकडे कड सांभाळण्याची आणखी कोणती रीत आहे? आजीची, आईची, शेजारच्या शिंपीदादांची? मुलांना विचारायला लावा आणि पाठाच्या वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षीच्या वर्गाला उपयोगी पडेल.